एका कागदात मावणारा फळा

काउंटरपलीकडच्या माणसाने ‘कॉम्प्युटरमध्ये असंच दाखवतंय’ असं म्हटल्यावर तुम्ही कधी विचारलं आहे का, की कॉम्प्युटरला हे कोणी सांगितलं?

विचारलं नसेल. मीही विचारत नसे, आणि मी तर कॉम्प्युटरला सांगणाऱ्यांपैकीच एक आहे.

संपादकांनी कामाबद्दल लिहायला सांगितलं तेव्हा मी म्हटलं, दिवाळी अंकात असे लेख निवृत्त माणसं लिहितात. जेलर, स्टेशनमास्तर, वनाधिकारी. मी एकोणतीस वर्षांची आहे. ते म्हणाले, तुमच्या धंद्यात सात वर्षांत माणूस म्हातारा होतो असं ऐकलंय. हे अगदीच खोटं नाही. मी कॉलेजात जे शिकले त्यातलं निम्मं आज कोणी वापरत नाही, आणि मागच्या वर्षी नोकरीला लागलेली मुलं मला ‘मॅम’ म्हणतात.

आमचं ऑफिस ठाण्यात, कोपरीला. खाली झेरॉक्सचं दुकान आणि वर आम्ही अकरा जण. दवाखाने, क्लासेस, लहान कारखाने यांच्यासाठी ब्राउझरमध्ये चालणारी सॉफ्टवेअर बनवतो. माहिती कायमची जिथे साठते ती मागची बाजू दुसरे सांभाळतात. माझी बाजू पुढची, म्हणजे तुम्हाला पडद्यावर दिसते ती. बटणं, रकाने, याद्या. लोक याला रंगरंगोटी समजतात. प्रसाद, म्हणजे आमचा मालक, तोही पहिली दोन वर्षं तसंच समजत होता.

या रंगरंगोटीतला सगळ्यात अवघड भाग रंगाचा नसतो, आठवणीचा असतो. एकच गोष्ट पानावर चार ठिकाणी दिसत असते. तुम्ही वरच्या कोपऱ्यात नाव बदललंत तर खालच्या यादीत, बाजूच्या रकान्यात आणि छापायच्या चिठ्ठीवरही ते बदललं पाहिजे. एक जागा जरी जुनं नाव धरून बसली तरी पान खोटं बोलायला लागतं. आणि पान खोटं बोलताना माणसासारखं अडखळत नाही. खरं आणि खोटं एकाच सुबक अक्षरात दाखवतं.

आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीचं उदाहरण देते. पाणी ठरावीक वेळ येतं. ते आलं का, टाकी भरली का, वरचा व्हॉल्व्ह कोणी उघडला का, हे चोवीस बिऱ्हाडांना कळायला हवं. पूर्वी कोणीतरी लिफ्टजवळ चिठ्ठी डकवायचं. ती तासाभरात खोटी ठरायची आणि चार दिवस तशीच लटकत राहायची. मग वॉचमनच्या खोलीबाहेर एक फळा लागला. नियम एकच: जे काय असेल ते फळ्यावर, दुसरीकडे कुठेही नाही. ज्यांनी सांगून ठेवलंय त्यांना फळा बदलल्यावर वॉचमन इंटरकॉम करतो. बाकीचे सुखाने झोपतात.

पानाची त्या त्या घडीची जी स्थिती असते तिला आम्ही ‘स्टेट’ म्हणतो. ती एका जागी ठेवायची आणि बदलली की ज्यांना गरज आहे त्यांनाच हाक मारायची, एवढं काम करणाऱ्या तयार कोडच्या पुडक्याला लायब्ररी म्हणतात. अशा लायब्रऱ्या जगात पुष्कळ आहेत. मी शिकले त्या काळातल्या मोठ्या लायब्ररीत फळ्यावर एक शब्द लिहायचा तर आधी अर्ज भरायचा, अर्जाला नाव द्यायचं, तो एका खिडकीत टाकायचा, आतला कारकून तो वाचून जुना फळा न पुसता नवा फळा तयार करायचा आणि मग तो टांगायचा. पद्धत चांगली होती. मोठ्या कारखान्याला तीच लागते. पण आमची गिऱ्हाइकं चोवीस बिऱ्हाडांएवढीच. म्हणून मी स्वतःची लायब्ररी लिहिली. एक फळा, एक खडू, एक हाक. नावही तेच ठेवलं, ‘फळा’. इंटरनेटवर सगळ्यांसाठी फुकट ठेवली.

आता जी गोष्ट सांगायची आहे ती समजायला माझ्या घरचं थोडं सांगावं लागेल.

बाबा डोंबिवलीच्या एका केमिकल कारखान्यात होते, आणि युनियनची पत्रकं लिहायचे. इतर घरांत गोष्टीची पुस्तकं असतात तशी आमच्याकडे पत्रकं होती. हातमोजे का मिळत नाहीत, कँटीनची डाळ पातळ का, वायू गळला त्या दिवशी भोंगा का वाजला नाही. जोडाक्षरं मी त्यांवरच शिकले. तिसरीपासून प्रुफं तपासायला बसायचे. बाबांचे दोन नियम होते. पत्रक एका कागदाच्या बाहेर जाता कामा नये. आणि खाली प्रकाशकाचं नाव-पत्ता आणि छापणाऱ्याचं नाव असलंच पाहिजे. नाव नसलेलं पत्रक ते वाचतही नसत, मग त्यात त्यांचीच बाजू का मांडलेली असेना. म्हणायचे, ज्याला आरोप करायचाय त्याने घर दाखवावं.

‘फळा’ लिहिताना पहिला नियम मी जसाच्या तसा उचलला. संपूर्ण लायब्ररी एका कागदाच्या दोन बाजूंवर छापता आली पाहिजे. तशी छापून मी बाबांना दाखवलीही. त्यांना त्यातलं अक्षर कळलं नाही, पण पाठपोट बघितलं, मागच्या बाजूला तळाशी बोटभर जागा उरलेली बघितली, आणि समाधानाने मान हलवली. तो कागद त्यांनी कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. अजून आहे.

दुसरा नियम मात्र मी विसरले. विसरले म्हणजे, आमच्या धंद्यात त्याची उलट रीत आहे. फुकट दिलेल्या कोडच्या तळाशी एक ठरलेला इंग्रजी परिच्छेद चिकटवतात. त्याचा अर्थ असा, की हे जसं आहे तसं घ्या, यातून काही बिघडलं तर लिहिणाऱ्याचा संबंध नाही. सगळे चिकटवतात. मीही चिकटवला. पत्रकांवर वाढलेल्या मुलीने हा परिच्छेद वाचून निदान एकदा तरी थांबायला हवं होतं.

बोटभर जागा भरायची संधी डोंबिवलीच्याच एका क्लासवाल्यांनी दिली. त्यांना सगळे ‘सर’ म्हणत, मीही म्हणते. सरांनी एकाच कॉम्प्युटरला दोन पडदे जोडले होते. एक टेबलावर त्यांच्यासाठी आणि एक बाहेर पालकांसाठी भिंतीवर. दोन्हींवर हजेरीचं पान दोन वेगळ्या टॅबमध्ये उघडं असायचं. सरांनी टेबलावर एखाद्याला गैरहजर केलं तरी भिंतीवर तो हजरच दिसायचा. एकदा एका मुलाची आई भिंतीकडे बघून निश्चिंत होऊन बाजारात गेली आणि तिथे तिला पोरगा पाणीपुरी खाताना सापडला. सरांनी मला फोन करून विचारलं, की तुझ्या फळ्यावर माझ्या क्लासचा मुलगा एकाच वेळी दोन ठिकाणी कसा असतो. भौतिकशास्त्राचे शिक्षक होते, त्यांना ते लागलं होतं.

मी ‘फळा’मध्ये भर घातली. एकाच कॉम्प्युटरवर जितके टॅब उघडे असतील त्या सगळ्यांत एकच फळा राहील. एकात बदललं की सगळ्यांत बदलेल. सर खूश झाले. पेढे पाठवले.

हे नको असेल त्याने बंद करावं म्हणून एक बटण ठेवायला हवं होतं. मला ते तेव्हाही सुचलं होतं. लिहूनही पाहिलं. त्याच्या सात ओळी झाल्या आणि त्या तिसऱ्या पानावर जात होत्या. मी त्या काढून टाकल्या. कोणाला नको असेल असं मला वाटलं नाही. खरं सांगायचं तर, मला तिसरं पान नको होतं.

यानंतर दीड वर्षाने कल्याणच्या एका डायलिसिस सेंटरमधून पत्र आलं.

ते सॉफ्टवेअर आमचं होतं आणि त्यात ‘फळा’ होता. डायलिसिसबद्दल मला तेव्हा जेवढं समजलं तेवढं सांगते. मूत्रपिंडं काम करत नसतील तर अंगात पाणी साठतं. आठवड्यातून दोन-तीनदा मशीनला जोडून ते काढावं लागतं. किती काढायचं हे वजनावरून ठरतं. पाणी काढून झाल्यावर माणूस किती किलोचा असायला हवा तो आकडा डॉक्टर ठरवतात. आजचं वजन वजा तो आकडा, की झालं. कमी काढलं तर दम लागतो. जास्त काढलं तर रक्तदाब कोसळतो, पायात गोळे येतात, माणूस शुद्ध हरपू शकतो. म्हणजे सगळं काही एका आकड्यावर.

सेंटरच्या डेस्कवर रेश्मा नावाची मुलगी होती, माझ्याहून दोन-तीन वर्षांनी लहान. विठ्ठलवाडीहून शेअर रिक्षाने यायची. पेशंट आला की त्याचं वजन टाकायचं, चिठ्ठी छापायची आणि ती खाटेपाशी न्यायला पेशंटच्या हातात द्यायची, हे तिचं काम. चिठ्ठीवरचा आकडा बघून टेक्निशियन मशीन लावायचा.

त्या दिवशी तिने म्हात्रेकाकांच्या हातात चिठ्ठी दिली. म्हात्रेकाका कल्याणच्या खाडीकडच्या गावातले, पूर्वी त्यांच्या घरची मिठागरावरची कामं असायची, आता चार मजल्यांची इमारत आहे. पुढचं मला नंतर दोघांनीही सांगितलं आणि दोघांचं सारखंच आलं, म्हणून विश्वास ठेवते.

काकांनी चिठ्ठी परत केली आणि म्हणाले, “मना दिसत नाय गो. वाचून दाखव.”

रेश्माने वाचलं. नाव, खाट क्रमांक तीन, आजचं वजन साडेअडुसष्ट, उरायला हवं साडेत्रेसष्ट.

“साडेत्रेसष्ट मी लग्नान होतो,” काका म्हणाले. “परत वाच.”

त्यांचा आकडा सहासष्ट होता. साडेत्रेसष्ट हा पाचव्या खाटेवरच्या पेशंटचा होता. अडीच लिटरच्या जागी पाच लिटर पाणी काढलं जाणार होतं. टेक्निशियन पाच बघून कदाचित थांबला असता. कदाचित नसता.

सेंटरच्या मॅनेजरने चौकशी केली. चौकशी म्हणजे रेश्माला समोर उभं करून विचारलं, तूच भरलंस ना? ती हो म्हणाली, कारण तिनेच भरलं होतं. आम्हाला आलेल्या पत्रात एवढंच मागितलं होतं, की सॉफ्टवेअर नीट चालत असल्याचं लेखी द्या. ते आलं की तिला कामावरून काढता येणार होतं.

प्रसादने मजकूर तयारही केला होता. तपासणी केली असता प्रणालीत दोष आढळला नाही, वापरकर्त्याने एकाच वेळी अनेक टॅब उघडल्यास माहितीत तफावत संभवते. खाली सही माझी, कारण तांत्रिक जबाबदारी माझी. मी म्हटलं, तपासणी कुठे केलीय? तो म्हणाला, मग करून ये, कल्याण काय लांब आहे.

तर मी गेले. लाजिरवाणी गोष्ट अशी, की ते सॉफ्टवेअर वर्षभर चालू होतं आणि आमच्यापैकी कोणीही रेश्माच्या मागे उभं राहून ती कसं काम करते हे एकदाही पाहिलेलं नव्हतं. ट्रेनिंग फोनवरून दिलं होतं.

तिच्या ब्राउझरच्या माथ्यावर पाच टॅब होते. डावीकडून उजवीकडे, पहिली खाट ते पाचवी खाट, खोलीत मांडल्या होत्या त्याच क्रमाने. आम्ही पान असं बनवलं होतं, की पेशंट निवडा, माहिती भरा, संपवा, पुढचा घ्या. पण डायलिसिस चार तास चालतं आणि मध्ये प्रत्येकाचा रक्तदाब पुन्हा पुन्हा नोंदवायचा असतो. आमच्या पद्धतीने गेलं तर दर वेळी यादीत मागे जाऊन नाव शोधावं लागायचं. रेश्माने त्यावर स्वतःचा उपाय काढला होता. एका खाटेला एक टॅब. तिसऱ्या खाटेने हाक मारली की तिसरा टॅब. खरं म्हणजे आमच्यापेक्षा तिने ते पान चांगलं आखलं होतं.

आणि मी त्या पाचही टॅबना एकच फळा दिला होता.

पाचव्या टॅबमध्ये नवा पेशंट निवडला की बाकीच्या चारांतले आकडे गुपचूप त्याचे होत होते. वरचं नाव तेवढं जुनं राहायचं, कारण नाव पान उघडतानाच एकदा लिहिलं जायचं, ते फळ्यावरून येत नव्हतं. आजचं वजन रेश्मा त्यानंतर स्वतः टाकायची, म्हणून तेवढं बरोबर असायचं. नाव म्हात्रेकाकांचं, आकडा दुसऱ्याचा. एकाच सुबक अक्षरात.

मी तिला विचारलं, असं याआधी कधी झालंय? ती म्हणाली, “मॅडम, ते होतंच. म्हणून मी प्रत्येक वेळी आधी रिफ्रेश मारते. त्या दिवशी फोन आलेला, राहून गेलं. चूक माझीच आहे ना?”

किती दिवस रिफ्रेश मारतेस, विचारलं. सुरुवातीपासून, म्हणाली. तिला वाटत होतं कॉम्प्युटर जुना आहे म्हणून अडकतो. कोणाला सांगितलं का नाही, हा प्रश्न मी विचारला आणि लगेच कळलं की विचारायला नको होता. भिंतीवर महिन्याभरातल्या चुका लिहायचा तक्ता होता आणि त्यात चूक करणाऱ्याचं नाव लिहायला एक रकाना होता. प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या नावाला रकाना नव्हता.

आणखी एक गोष्ट तिथे कळली ती इथे लिहिणं भाग आहे. दोन महिन्यांपूर्वी चौथ्या खाटेवरच्या एका बाईंचा रक्तदाब डायलिसिस चालू असताना एकदम खाली गेला होता. त्या सावरल्या, अजूनही येतात. तो आमच्या आकड्यामुळे गेला का, हे मी शोधायचा खूप प्रयत्न केला. चिठ्ठी फेकून दिलेली, आणि पडद्यावर त्या वेळी काय दिसत होतं याची नोंद आम्ही ठेवतच नव्हतो. मला माहीत नाही. कधी कळणारही नाही. त्या बाईंना मी हे एवढंच जाऊन सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, आणि चहा घेणार का विचारलं.

घरी येऊन मी पत्र लिहिलं. एका कागदात बसवलं. बाबांना वाचायला दिलं. ते पेन्सिल घेऊन बसले, लहानपणी मी त्यांच्या प्रुफांवर बसायचे तसे. ‘अत्यंत दुर्दैवी’ खोडलं. ‘मनःपूर्वक’ खोडलं. मग एका वाक्यापाशी थांबले. मी लिहिलं होतं, की वापरकर्तीने पाच टॅब उघडल्यामुळे दोष उघडकीस आला.

“हिला वाक्याच्या तोंडाशी का उभी केलीयस?” त्यांनी विचारलं. “वाचणारा पहिलं नाव धरतो.”

मी ते वाक्य बदलून ‘मी लिहिलेल्या लायब्ररीने’ असं सुरू केलं. मग त्यांना सात ओळींची गोष्ट सांगितली. एका कागदात बसावं म्हणून बंद करायचं बटण काढलं, तुमच्या नियमामुळे, असंही म्हटलं. जरा टोचूनच म्हटलं.

“एका कागदाचा नियम नव्हता गं तो,” ते म्हणाले. “छापणारा तेवढाच कागद द्यायचा. दोन दिले असते तर दोन लिहिले असते.”

म्हणजे मी इतकी वर्षं ज्याला तत्त्व म्हणत होते ती त्यांची अडचण होती. आणि खाली नाव घालायचा जो नियम नुसती रीत समजून सोडून दिला ते तत्त्व होतं. हे कळायला मला कल्याणला जावं लागलं.

दुसऱ्या दिवशी मी प्रसादपुढे कागद ठेवला. त्याने वाचला. तो वाईट माणूस नाही, पण अकरा जणांचे पगार त्याला दिसत असतात. म्हणाला, यात आपणच आपल्याला फाशी देतोय. मी म्हटलं, दोष होता हे खरं आहे की नाही? तो म्हणाला, खरं असण्याबद्दल वाद नाही, लिहून देण्याबद्दल आहे. मग त्याने मधला मार्ग काढला. दोष दुरुस्त करू, कोणाला काही सांगायचं नाही, पत्राला गोलमोल उत्तर देऊ. मी विचारलं, रेश्माचं काय? तो म्हणाला, तो त्यांचा अंतर्गत प्रश्न आहे.

मी त्याला सांगितलं, की कंपनीचं लेटरहेड नसलं तरी चालेल. लायब्ररी माझ्या नावावर आहे, तेव्हा पत्र माझ्या नावाने जाईल. खाली घरचा पत्ता आहे. राजीनामा हवा असेल तर तोही याच पाकिटात घालते. हे वाक्य मी आरशासमोर घोकून गेले होते.

प्रसादने कागद उलटसुलट करून बघितला, मागे काही लिहिलंय का म्हणून. “तुझ्या घरी सगळे असेच आहेत का?” त्याने विचारलं, आणि लेटरहेड काढून दिलं. सही मात्र माझी एकटीचीच ठेवली. ते योग्यच होतं.

पत्र घेऊन मीच गेले. मॅनेजरने दोनदा वाचलं. त्यांना राग आला, आणि तो आमच्यावर आला याचं मला बरं वाटलं. तक्त्यावर त्या तारखेपुढे रेश्माचं नाव होतं. मी ते पुसून माझं लिहायची परवानगी मागितली. ते म्हणाले, याची काही गरज नाही. मी म्हटलं, आहे. पुसायला कापड रेश्मानेच दिलं.

तिची नोकरी राहिली. आमचं काम तिथे चालू राहिलं, पण त्याच सेंटरची दुसरी शाखा निघाली तेव्हा ते काम दुसऱ्या कंपनीला गेलं. प्रसाद याची मला दर दोन महिन्यांनी आठवण करून देतो. त्याला तो हक्क आहे. नवं पान मी रेश्माशेजारी बसून बनवलं. पाचही खाटा एकाच पडद्यावर, खोलीत आहेत त्या क्रमाने. पेशंटचं नाव आणि आकडे एकाच जागेवरून येतात, नाव बदलल्याशिवाय आकडा बदलूच शकत नाही. पहिल्या दिवशी तिने त्यातही चार चुका काढल्या. आता तिला रिफ्रेश मारायची सवय मोडायची आहे. अजून मोडलेली नाही. मी तिला ती मोड असं सांगत नाही.

‘फळा’ आता तीन पानांचा झाला आहे. सात ओळी परत आल्या. सगळ्या टॅबमध्ये एक फळा हवा असेल तर तो मागून घ्यावा लागतो, आपोआप मिळत नाही. हा बदल केल्यावर जगभरातून चिडक्या तक्रारी आल्या, कारण कोणाकोणाची चालती पानं बंद पडली. मी प्रत्येकाला म्हात्रेकाकांची गोष्ट पाठवली. एकाने उत्तर दिलं, की आमच्याही काउंटरवर नावं अशी अदलाबदल व्हायची, आम्हाला वाटायचं नेटवर्क खराब आहे. तो ठरलेला इंग्रजी परिच्छेद मी काढलेला नाही, वकिलाने काढू नको म्हणून सांगितलं. पण त्याच्या खाली माझं नाव आहे, लिहिणारी कोण आणि कुठली ते आहे, आणि आजवर सापडलेल्या चुकांची यादी आहे. पहिली चूक डायलिसिसची. क्लासवाल्या सरांना मी स्वतः फोन करून बटण कुठे आहे ते सांगितलं. ते म्हणाले, म्हणजे माझ्या पोरांच्या पाणीपुरीपायी एवढं झालं का. मी म्हटलं, नाही सर, माझ्या हौसेपायी.

आता शेवटचं, आणि हे तुमच्यासाठी आहे.

नवं पान चालू झालं त्या आठवड्यात मी रोज सेंटरमध्ये बसायचे. एकदा म्हात्रेकाका लवकर आले. बाकावर बसून त्यांनी खिशातून चष्मा काढला आणि पेपर वाचायला घेतला. बारीक अक्षरातल्या जाहिराती वाचत होते. त्यांचा नंबर आला तसा त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला, काउंटरवर गेले, चिठ्ठी घेतली आणि रेश्माला परत दिली. दिसत नाय गो, वाचून दाखव.

ती आत गेल्यावर मी त्यांना म्हटलं, काका, चष्मा तर खिशात आहे.

“हाय ना,” ते म्हणाले. “मी वाचला तर मना एकट्याला कलतं. ती वाचते तवा तिला पन कलतं.”

सात वर्षं मी जे काम करते त्याचं याहून चांगलं वर्णन मला कोणाकडून ऐकायला मिळालेलं नाही. आणि हे काम कुठलीही लायब्ररी तुमच्यासाठी शेवटपर्यंत करू शकणार नाही, हे ती लिहिणारी म्हणून सांगते. कुठेतरी एखादी जागा जुनं धरून बसलेली असतेच.

म्हणून एक विनंती आहे. पुढच्या वेळी दवाखान्यात, बँकेत, कुठल्याही ऑफिसात कोणी तुमची माहिती पडद्यावर उघडली किंवा छापलेली चिठ्ठी तुमच्या हातात दिली, की ती मुकाट्याने खिशात घालू नका. परत द्या, आणि मोठ्याने वाचून दाखवायला सांगा. नावापासून शेवटच्या आकड्यापर्यंत. मागे रांग असेल, लोक कुरकुरतील, कुरकुरू द्या. चुकीचं निघालं तर समोरच्या मुलीवर ओरडू नका. तिने काय काय दाबलं ते तिला विचारा, तिच्याच शब्दांत कागदावर लिहून घ्या, आणि तो कागद तुमच्या नाव-पत्त्यासह ते सॉफ्टवेअर बनवणाऱ्यापर्यंत पोहोचवायला सांगा. तिचं नाव त्यात घालू नका.

चष्मा खिशातच राहू द्या.